मठिकेतून जिमखान्याकडे

योग्याने कुठे राहावं, हे पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत स्वात्मारामाने बारकाईने सांगून ठेवलं आहे. राजा चांगला, रयत धर्माने चालणारी, भिक्षा सहज मिळणारी आणि कसलाही उपद्रव नसलेला मुलूख पाहावा. तिथे एकांतात लहानशी मठिका बांधावी. दार अरुंद, झरोका नाही, जमीन फार उंच नाही की खोलगट नाही, शेणाने दाट सारवलेली. किडामुंगीला थारा नको. बाहेर मांडव, ओटा, विहीर आणि भोवती भिंत. आत बसून गुरूने दाखवलेल्या वाटेने अभ्यास करायचा. प्राणायाम दिवसातून चार वेळा, त्यातली एक वेळ मध्यरात्रीची, आणि हळूहळू वाढवत प्रत्येक बैठकीला कुंभकांची, म्हणजे श्वास रोखण्याची, संख्या ऐंशीवर न्यायची. पोटाचा चौथा हिस्सा मोकळा राहील एवढंच जेवायचं. फार बोलायचं नाही, माणसांत फार मिसळायचं नाही. आणि ही विद्या गुप्त ठेवायची.

या ग्रंथात वर्णन केलेली आसनं पंधरा, त्यांतली बहुतेक बसून करायची. पतंजलीच्या योगसूत्रांत तर जवळजवळ दोनशे सूत्रांपैकी आसनाच्या वाट्याला जेमतेम तीन येतात. शरीराची बैठक न हलता, सुखाने टिकली की त्याचं काम झालं. पुढे श्वास, श्वासामागून मन, आणि शेवटी मनाचाही लय. आसन म्हणजे या वाटेचा उंबरठा.

आता १९३७ सालचं पुणं पाहा. म्हैसूर संस्थानातून आलेला अठरा वर्षांचा एक मुलगा डेक्कन जिमखान्यावर योगशिक्षक म्हणून रुजू झाला. करार सहा महिन्यांचा. मराठी येत नव्हतं, इंग्रजी तुटपुंजं. समोर कॉलेजातली, व्यायामाने कसलेली मुलं, काही त्याच्याहून वयाने मोठी. दीक्षा नाही, भिक्षा नाही, गुप्तता तर नाहीच. वेळापत्रक होतं, पगार होता, आणि तासभर चालायची ती आसनं. हा मुलगा म्हणजे बी. के. एस. अय्यंगार.

मठिकेपासून जिमखान्यापर्यंतचं हे अंतर कसं तुटलं? परदेशी लोकांनी आपल्या योगाची कसरत करून टाकली, हे उत्तर आपल्याकडे सर्रास दिलं जातं. मला ते पटत नाही. योगाला आजचं रूप देणारे निर्णय बहुतांशी इथेच झाले, १९१८ ते १९३७ या वीस वर्षांत, वर्सोवा, लोणावळा, औंध, म्हैसूर आणि पुणे या टापूत. ते घेणारी माणसं योगावर जीव टाकणारी होती.

त्याआधी मराठी गृहस्थाचं योगाशी नातं कसं होतं, ते पाहायला हवं. योगाभ्यासाचं सविस्तर मराठी वर्णन आपल्याला ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात भेटतं. नाथपंथाचा वारसा गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि त्यांच्याकडून ज्ञानेश्वरांकडे आला होता. आसन, बंध, जागी होणारी कुंडलिनी आणि तिने आतून नव्याने घडवलेली काया यांचं ते वर्णन आजही अंगावर काटा आणतं. पण बाराव्या अध्यायात तेच ज्ञानेश्वर या वाटेवरचे अपार कष्ट दाखवतात आणि भक्तीची वाट पुढे करतात. वारकरी संप्रदायाने ती वाट धरली. योग योग्यांचा, आपल्याला नाम पुरे, ही समजूत पुढे शतकानुशतकं मुरत गेली.

योग्यांची प्रतिष्ठाही टिकली नाही. अठराव्या शतकात गोसावी-बैराग्यांची हत्यारबंद पथकं राजेरजवाड्यांच्या पदरी लढत होती. कंपनी सरकारने त्यांचा बंदोबस्त केला आणि भटक्या जोग्याकडे संशयाने पाहणं रूढ झालं. खिळ्यांवर झोपणारा किंवा हात वर धरून वाळवून घेतलेला जोगी परदेशी छायाचित्रकारांचा आवडता विषय झाला, आणि इंग्रजी शिकलेल्या हिंदू माणसाला त्याची लाज वाटू लागली. स्वामी विवेकानंदांचा राजयोग हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. पतंजलीचा योग त्यांनी जगापुढे मोठ्या मानाने मांडला, पण हठयोग मात्र शरीराची मशागत म्हणून बाजूला ठेवला. एकोणिसावं शतक संपताना योगाचं तत्त्वज्ञान दिवाणखान्यात होतं आणि योगाचं शरीर अजून रस्त्यावर.

त्याच वेळी शरीराला नवं महत्त्व येत होतं. हिंदी माणूस दुबळा म्हणून गुलाम, हा टोमणा जिव्हारी लागला होता. तालमी पुन्हा गजबजल्या. सँडोचे डंबेल्स घराघरांत आले. सयाजीरावांच्या बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रा. माणिकराव मल्लखांब, लाठी आणि कवायत सामुदायिक पद्धतीने, हुकमावर शिकवत होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक विद्यार्थी म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३, डभोईचा. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला, राष्ट्रीय शिक्षणाच्या ध्यासाने खानदेशात अमळनेरला शिकवायला गेलेला. पुढे तो स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखला गेला.

नर्मदेकाठी मालसर इथे परमहंस माधवदास नावाचे वृद्ध योगी राहत. मूळचे बंगालचे. त्यांच्यापाशी तीन वर्षांच्या अंतराने दोन तरुण पोचले आणि आधुनिक योगाची पहिली दोन केंद्रं या एकाच गुरूच्या पायाशी उगम पावली. पहिला मणिभाई देसाई, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातला कुस्तीचा शौकीन. तो १९१६ साली आला. गुरूला त्याच्यात वारस दिसत होता, पण संन्यास न घेता तो परतला. २५ डिसेंबर १९१८ रोजी त्याने वर्सोव्याला समुद्रकाठच्या एका बंगल्यात योग संस्था सुरू केली. योगेंद्र हे त्याचं नवं नाव. १९१९ साली तो अमेरिकेला गेला, न्यूयॉर्कजवळ काही काळ शाखा चालवली, १९२४ च्या सुमारास परतला, १९२७ साली लग्न केलं. योगी आणि विवाहित, ही जोडी तेव्हाच्या लोकांना पचायला जड होती. पण योग घरादारातल्या माणसाला द्यायचा तर शिकवणाऱ्यानेही घर करून दाखवावं, हा त्यांचा आग्रह होता. पत्नी सीतादेवींनी १९३४ साली स्त्रियांसाठी आसनांचं पुस्तक लिहिलं. ज्या ग्रंथांत स्त्रीचा सहवास हे साधनेतलं विघ्न म्हणून नोंदलं होतं, त्या परंपरेत एका गृहिणीने स्त्रियांना आसनं समजावून द्यावीत, ही घटना मला परदेशी शाखेपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

गुणे मालसरला १९१९ साली गेले. त्यांचा पिंड वेगळा. गुरूने शिकवलेल्या क्रियांनी शरीरात घडतं ते खरं असेल, तर ते यंत्रालाही दिसलं पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौलीवर प्रयोग केले. नौलीत श्वास पूर्ण सोडून पोट आत ओढायचं आणि मग पोटाचे मधले स्नायू दोरासारखे पुढे काढून फिरवायचे. जुने योगी हीच क्रिया बस्तीसाठी वापरत. पाण्यात बसून गुदमार्गाने पाणी आत ओढून घेत. पाणी वर चढतं कसं, याबद्दल नाना समजुती होत्या. गुण्यांनी क्ष-किरणांखाली मोठ्या आतड्याची हालचाल पाहिली आणि आतला दाब मोजायला पाऱ्याचा दाबमापक जोडला. नौली होताच आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होत होता, म्हणजे आत अंशतः पोकळी तयार होत होती आणि पाणी तिच्याकडे ओढलं जात होतं. या पोकळीला त्यांनी गुरूचं, माधवदासांचं नाव दिलं. पारा खाली जातो हे बाहेरच्या कुणालाही दिसण्याजोगं होतं. त्यासाठी दीक्षा लागत नव्हती.

योगाच्या इतिहासातलं खरं वळण मला इथे दिसतं. गुरूचा शब्द आणि साधकाचा अनुभव या दोन प्रमाणांच्या जोडीला तिसरं आलं, उपकरणाचा काटा. १९२४ च्या ऑक्टोबरात लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झालं आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक. त्यात वैज्ञानिक, अर्धवैज्ञानिक आणि सर्वसामान्यांसाठी सोपं असे वेगवेगळे विभाग असत. आसनांची स्वच्छ छायाचित्रं, वेळेचं प्रमाण, कुणी काय करू नये याच्या सूचना. गुप्त ठेवायची विद्या वर्गणी भरून टपालाने घरी येऊ लागली.

एकाच आसनाकडे जुना आणि नवा योगी कसा पाहतो, याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे पाय वर आणि डोकं खाली. हठयोगाच्या ग्रंथांत शरीरात एक चंद्र आणि एक सूर्य आहे. टाळूपाशी असलेला चंद्र अमृत गाळतो आणि नाभीपाशी असलेला सूर्य ते गिळतो. म्हणून माणूस म्हातारा होतो. देह उलटा केला की सूर्य वर जातो, चंद्र खाली येतो आणि अमृत वाचतं. म्हणून विपरीतकरणी ही मुद्रा, मृत्यूला टाळण्याचा उपाय. कुवलयानंदांच्या पुस्तकात जवळजवळ असाच उलटा देह सर्वांगासन म्हणून येतो आणि त्याचा भर गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवर असतो: तिच्याकडे रक्त नीट पोचावं, तिचं काम सुधारावं. देह तसाच, पण चंद्र गेला आणि ग्रंथी आली. अमरत्वाच्या जागी आरोग्य आलं. जीभ उलटी वळवून टाळूत नेण्यासाठी तिच्याखालचा पडदा हळूहळू कापायचा, अशी खेचरी आणि वज्रोलीसारख्या मुद्रा जनतेसाठीच्या नव्या पाठ्यक्रमांतून गळल्या. चारचौघांत त्या दाखवणं शक्यच नव्हतं. पण ग्रंथांच्या हिशेबाने त्या फुटकळ नव्हत्या, त्या साधनेच्या गाभ्यातल्या होत्या.

योगाला सरकारदरबारी मान मिळायला मात्र आरोग्याच्या याच भाषेचा उपयोग झाला. १९२७ साली प्रकृती ढासळलेल्या गांधीजींनी आसनांबाबत कुवलयानंदांचा सल्ला घेतला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे बेहानन लोणावळ्यात राहून शिकले आणि १९३७ साली त्यांनी योगाच्या वैज्ञानिक तपासणीवर पुस्तक काढलं. मुंबई प्रांताने शारीरिक शिक्षणाचा विचार करायला समिती नेमली, तिचं अध्यक्षपद कुवलयानंदांकडे आलं. माणिकरावांच्या तालमीत शिकलेली सामुदायिक शिस्त आणि मालसरची साधना यांची सांगड घालून त्यांनी शाळांसाठी यौगिक संघव्यायामाचा पाठ बसवला. मुलांच्या रांगा, एक हुकूम, एक आसन. मठिकेतल्या एकट्या साधकाच्या जागी वर्ग उभा राहिला.

याच काळात औंध संस्थानात वेगळी धारा वाहत होती. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे बाळासाहेब, तरुणपणी सँडोच्या पद्धतीने व्यायाम करत. पुढे मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि आयुष्यभर त्यांचे प्रचारक झाले. नमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. समर्थांच्या परंपरेत आणि तालमीत ते होतेच. बाळासाहेबांनी त्यांना दहा अवस्थांची बांधीव रीत दिली, बीजमंत्रांची जोड ठेवली, आणि संस्थानच्या शाळांत मुलामुलींसाठी ते नेमाचे केले. १९३८ साली त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनला निघालं. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की तेव्हा सूर्यनमस्काराला सहसा कुणी योग म्हणत नव्हतं. तो व्यायाम होता आणि उपासना होती. वर्सोव्याच्या योगेंद्रांना तर त्याची योगात सरमिसळ मुळीच मान्य नव्हती. आज जगात कुठेही योगवर्गाला जा, सुरुवात बहुधा सूर्यनमस्कारानेच होते.

ती सरमिसळ घडण्यात म्हैसूरचा वाटा मोठा. कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाने तिरुमलै कृष्णमाचार्यांनी १९३३ च्या सुमारास जगनमोहन राजवाड्यात योगशाळा चालवली. ते वेदान्त आणि आयुर्वेद शिकलेले कर्मठ वैष्णव. लोणावळ्याचं काम पाहायला महाराजांनी त्यांना पाठवलं होतं. त्यांच्यापुढे राजघराण्यातली तरतरीत मुलं होती. त्यांना मठिकेत बसवून चालणार नव्हतं. कृष्णमाचार्यांनी एका आसनातून दुसऱ्यात श्वासाच्या तालावर जाण्याची, उड्या आणि दंडासारख्या हालचालींनी जोडलेली रीत बसवली. सूर्यनमस्काराचा वर्ग तिथे योगशाळेहून वेगळा भरत असे, पण दोन्हींतलं अंतर पुढच्या पिढीत मिटलं. कृष्णमाचार्यांची प्रात्यक्षिकं गावोगाव होत. कर्नाटकातल्या अशा एका दौऱ्यात सिव्हिल सर्जन डॉ. गोखले यांनी कृष्णमाचार्यांच्या शिष्यांतल्या अय्यंगारांना पाहिलं आणि त्यातून त्या मुलाचं पुण्याला येणं घडलं.

लहानपणी क्षयाने पोखरलेलं शरीर, हाताशी गुरू नाही, घर नाही. अय्यंगारांनी पुण्यात स्वतःच्या देहावर तासन्‌तास काम केलं आणि त्यातून त्यांची पद्धत निघाली. पावलाची कड कुठे टेकते, गुडघ्याची वाटी कुठे पाहते, पाठीचा कणा कुठून लांबतो, याचा इतका सूक्ष्म विचार त्यांच्याआधीच्या छापील पुस्तकांत क्वचितच सापडतो. ज्याला वाकता येत नाही त्याच्यासाठी दोर, पट्टा, वीट, खुर्ची आली. १९५२ साली मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन त्यांना भेटले, आणि दोन वर्षांनी त्यांच्याबरोबर अय्यंगार युरोपला गेले. १९६६ साली त्यांचं जगप्रसिद्ध पुस्तक निघालं; मराठीत ते योगदीपिका या नावाने आलं. दोनशे आसनं, सहाशेच्या आसपास छायाचित्रं. हठप्रदीपिकेतल्या पंधरांपुढे हा आकडा ठेवून पाहिला की उंबरठ्याचं घर कसं झालं ते दिसतं.

इथे एका पोथीची साक्ष काढायला हवी, नाहीतर गोष्ट फार सरळ होईल. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात हठाभ्यासपद्धती नावाचं एक हस्तलिखित आहे. कर्ता कपाल कुरंटक, काळ साधारण अठराव्या शतकाचा. त्यात ११२ आसनं आहेत. उताणी, पालथी, उभी, आणि चक्क दोराला लटकून करायचीही. काही आसनांत एकच हालचाल पुन्हापुन्हा करायला सांगितली आहे, अगदी तालमीतल्या दंडांसारखी. म्हणजे हालत्या, ताकदीच्या आसनांचा शोध विसाव्या शतकाने लावला, हेही खरं नाही. काही साधक दोनशे वर्षांपूर्वी तालीम आणि योग यांच्या सीमेवर वावरत होते. पण कुरंटकाने ही आसनं कशासाठी दिली? शरीर षट्‌कर्मांना, म्हणजे शुद्धीच्या क्रियांना, लायक व्हावं म्हणून. त्यापुढे प्राणायाम, मुद्रा आणि राजयोग येतो. एवढी आसनं देऊनही त्याच्या लेखी तो पहिलाच टप्पा होता. जुन्या आणि नव्या योगातला फरक मोजायचा तर आसनांची संख्या किंवा घाम यांवर जाण्यापेक्षा, आसनं संपल्यावर पुढे काय असतं, ते पाहावं. नव्या वर्गात आसनांनंतर शवासन असतं आणि मग माणसं घरी जातात.

या बदलात मिळालं काय आणि हरवलं काय? मिळालं ते फार मोठं आहे. संसारी बाई, दम्याचा रोगी, शाळेतला मुलगा, साठीचा कारकून यांच्यापैकी कुणालाही पूर्वी मठिकेचं अरुंद दार उघडलं नसतं. ते दार लोणावळा-वर्सोव्याच्या माणसांनी उघडलं, आणि त्यासाठी त्यांनी बोलणी खाल्ली. कंबरदुखीने बेजार झालेला माणूस भिंतीच्या आधाराने सरळ उभा राहिला, तर त्याला समाधीचं ध्येय नाही म्हणून हिणवण्याचा अधिकार कुणाला नाही.

हरवलं त्याचंही मला तितकंच वाईट वाटतं. कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, हा हठयोगाचा प्राण. तो आज बहुतेक वर्गांत नाही, कारण तो शिकवायला गुरूची रोजची नजर लागते आणि पंचवीस जणांवर एकाच वेळी ती ठेवता येत नाही. यम-नियम पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद झाले. अहिंसा, अस्तेय, अपरिग्रह हे यम म्हणजे पतंजलीच्या यादीतलं पहिलं अंग. तिथे आसनाचा क्रमांक तिसरा. अपरिग्रहाच्या नावाने चालणाऱ्या साधनेभोवती कपडे, सतरंज्या आणि प्रमाणपत्रं यांचा बाजार उभा राहावा, ही या बदलाची सर्वांत खुपणारी बाजू आहे. कुवलयानंदांना हे अभिप्रेत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने आरोग्य हे योगाचं वाटेवरचं फळ होतं. लोकांना वाटेवर आणायला ते आधी हातात द्यावं लागलं. लोक फळ घेऊन थांबले.

११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन ठरवला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अय्यंगार पुण्यात वारले. योग दिनाला मैदानावर मांडलेल्या रांगा, एकसाथ दिले जाणारे हुकूम आणि ठरावीक मिनिटांचा पाठ यांचा वंश थेट यौगिक संघव्यायामाशी आणि त्याच्याही मागे बडोद्याच्या तालमीशी जुळतो.

लोणावळ्याने मात्र दुसरं टोक कधी सोडलं नाही. प्रयोगशाळेच्या शेजारीच तिथे पोथ्यांचं काम चालू राहिलं. कुवलयानंद १९६६ साली गेले, आणि चार वर्षांनी, १९७० मध्ये, कैवल्यधामाने स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादित केलेली हठप्रदीपिका छापली. निरनिराळ्या हस्तलिखितांतले पाठ ताडून पाहिलेली ही प्रत योगाचे अभ्यासक अजून वापरतात. तिच्यात मठिका आहे, चंद्र-सूर्य आहेत, मध्यरात्रीचा प्राणायाम आहे आणि खेचरीही आहे.